तीन बगळे आणि एक कोन

पुण्यात जुनी सायकल सहसा कोणी विकत नाही आणि चालवतही नाही. ती जिन्याखाली जाते. वाडा असतो तोवर वाड्याच्या जिन्याखाली, वाडा पडून सोसायटी झाली की मीटरबोर्डाखाली. आधी तिच्या हँडलला छत्र्या लटकतात, मग कॅरिअरवर जुन्या गाद्यांचं गाठोडं येतं, आणि एक दिवस सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सेक्रेटरींची सूचना येते की ज्यांची असेल त्यांनी उचलावी, अन्यथा योग्य ती विल्हेवाट लावण्यात येईल. आमच्याकडे अशी सूचना आली तेव्हा मी दादांची सायकल वर बाल्कनीत आणली. तेव्हापासून तुळशीच्या कुंडीला आणि वाळत घालायच्या कपड्यांना जागा पुरत नाही अशी घरात तक्रार आहे, आणि ती खरी आहे.

दादा म्हणजे माझे वडील. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. सदाशिव पेठेतून वाकडेवाडीमार्गे खडकी, रोज जाऊन-येऊन सायकलवर. भोंगा झाला की फॅक्टरीच्या दारातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे आणि काही वेळ रस्ता फक्त त्यांचाच असे. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना आजचं वाकडेवाडी बघून पटणार नाही.

सायकल रॅले. पण नॉटिंगहॅमची नव्हे, आसनसोलची. स्वातंत्र्यानंतर बंगालातल्या सुधीरकुमार सेन यांनी इंग्लंडच्या रॅले कंपनीशी करार करून आसनसोलजवळ कन्यापूरला सेन-रॅलेचा कारखाना काढला. आपल्या मुंबईतही वरळीला हिंद सायकल्स होती. या दोघींची नावं शेवटी एकाच कागदावर आली: १९८० साली संसदेने एकच कायदा करून दोन्ही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. पुढे त्या बंद पडल्या. हा इतिहास मी हौसेने सांगत नाही, कामाचा म्हणून सांगतोय. कंपनीच नाही म्हटल्यावर कंपनीचा सुटा भागही नाही. दुकानात मिळतं ते लुधियानाचं, बसतंही, पण त्यावर बगळे नसतात. बगळ्यांकडे नंतर येतो. सांगायचं एवढंच की जे हातात आहे तेच घासूनपुसून वापरायचं, दुसरा रस्ता नव्हता.

सायकल उघडायला घेतली की पहिली गाठ कॉटरशी पडते. या सायकलींत क्रँक ॲक्सलवर एका तिरक्या लोखंडी पाचरीने आवळलेली असते, ती कॉटर. वर्षानुवर्षं पायडल मारून ती अशी चिणली जाते की नट काढून हातोडी घातली तर तिचे आटे चेपतात, पण ती जागची हलत नाही. जाणते लोक क्रँकला खालून लोखंडी नळीचा भक्कम टेकू देतात आणि वरून एकच सरळ, जबर घाव घालतात. हळूहळू ठोकत बसलं की कॉटर वाकलीच. आमच्या पेठेतल्या सायकलवाल्या अण्णांना मी विचारलं, कॉटर न मोडता निघेल का? ते म्हणाले, "काका, कॉटर वाचवायची नसते. क्रँक वाचवायची असते." दहा-वीस रुपयांच्या वस्तूसाठी जीव टाकणाऱ्या गिऱ्हाइकांची त्यांना सवय असावी.

सुटे भाग पूर्वी रॉकेलच्या परातीत पडायचे. आता रॉकेल मिळत नाही, म्हणून डिझेल. त्यात भिजवून टूथब्रशने घासलं की काळा राप सुटतो आणि मग दिसतं की कामं दोन आहेत. मळ बाहेरून बसलेला असतो. तो काढला की खालची वस्तू जशीच्या तशी हाती येते. गंज वस्तूतूनच निघालेला असतो. तो जेवढा काढाल तेवढी वस्तू कमी झालेलीच असते.

हँडल, रिमा, क्रँक, चेनव्हील, या सगळ्यांवर चकाकतं ते क्रोमियम. पण असतं किती? साधारण अर्धा मायक्रॉन, पुष्कळदा त्याहूनही कमी. वहीचं पान शंभरेक मायक्रॉन जाड असतं, त्यावरून हिशेब करा. क्रोमखाली निकेलचा दहा-वीस मायक्रॉनचा थर, आणि त्याखाली लोखंड. पाण्यापासून राखण करतं ते निकेल. क्रोम त्याला निळसर तजेला देतं आणि ओरखडे अंगावर घेतं. क्रोमचा मुलामा बाजारात आला तो १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधीच्या सायकलींवर नुसतं निकेल असे, किंचित पिवळसर. या निकेलला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की गंजाला वाट मिळते. जस्ताचा मुलामा असता तर जस्त आधी झिजलं असतं आणि लोखंड वाचलं असतं. निकेलचं उलटं आहे. ते लोखंडापेक्षा सुस्त. ओलाव्यात दोघांचा मिळून छोटा विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजतं ते लोखंड, तेही नेमकं त्या भोकापाशी. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो भोकातून वर उसळतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत चारी बाजूंना पसरतो.

याचा अर्थ असा की लांबून पार तांबडी दिसणारी रिम प्रत्यक्षात पार गेलेली नसते. तिला असंख्य बारीक भोकं पडलेली असतात आणि त्यांतून आलेला गंज चांगल्या क्रोमवर नुसता सांडलेला असतो. सांडलेला गंज निघतो. भोकं राहतात. घरी क्रोम परत आणता येत नाही, शिल्लक असलेलं क्रोम उघडं करता येतं. हे एकदा मान्य केलं की पुढची निम्मी निराशा टळते.

हा सांडलेला गंज काढायला सर्वांत चांगली वस्तू स्वयंपाकघरातच असते: पोळ्या गुंडाळायचं ॲल्युमिनियम फॉइल. त्याचा बोळा करायचा, साध्या पाण्यात बुडवायचा आणि घासायचं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ, त्यामुळे चरे पडत नाहीत. त्याच्या अंगावरचं ऑक्साइड मात्र अतिशय बारीक आणि कठीण, ते पॉलिशचं काम करतं. घासता घासता करडा-काळा लगदा तयार होतो, बोटांना नाणी हाताळल्यावर येतो तसा वास येतो, आणि फडक्याने पुसलं की खालून रिम बाहेर येते. इथे तारेची घासणी घेण्याचा मोह होतो. घेऊ नये. भांड्यांची घासणी क्रोमवर बारीक जाळं उठवते आणि ते जाळं मग कशानेही जात नाही.

आता बगळे. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये तीन बगळ्यांची डोकी कापलेली असतात. कंपनी वाढवणारे फ्रँक बाउडन यांच्या घराण्याच्या चिन्हातला तो पक्षी. त्या काळी सायकलीची जात चेनव्हीलवरून ओळखत: बीएसएच्या चेनव्हीलमध्ये बी, एस, ए हीच तीन अक्षरं, हंबरच्या चेनव्हीलमध्ये हातात हात घातलेली माणसं, रॅलेचे बगळे. दादांच्या सायकलीवर बगळे आहेत हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण पाहिले मी आत्ताच. इतकी वर्षं चेनकव्हरच्या आत तेल आणि धुळीचा लुकण त्यांच्या मानेच्या बाकात भरून बसलेला होता आणि बगळ्यांची वांगी झालेली होती. तिथे ब्रश पोचत नाही. उदबत्ती विझल्यावर उरते ती बांबूची काडी घ्यायची, टोकाला फॉइलचा तुकडा घट्ट गुंडाळायचा आणि चोचीच्या कोपऱ्यात घालून फिरवायची. आधी काळं, मग तपकिरी, मग अचानक धातूची कड लागते. पत्रा दाबयंत्राखाली कापताना कडेला एक बारीक धार राहिलेली असते, ती बोटाला कळते. पहिल्या बगळ्याची चोच सरळ निघाली, दुसऱ्याची टोकाला अंमळ वाकलेली. साचा झिजला असेल, नाहीतर दादांनी कधीतरी चेन चढवताना स्क्रू ड्रायव्हर लावला असेल. ती मी सरळ केली नाही.

घंटीच्या वेळी घरातल्या अनुभवी माणसांचा सल्ला घ्यावा लागला. घंटीची वाटी पितळी आहे की लोखंडी, हे आधी ठरवावं. फ्रिजवरचं लोहचुंबक लावलं; चिकटलं नाही, म्हणजे पितळ, वर निकेल होतं ते केव्हाच गेलेलं. पितळ म्हटल्यावर चिंच, आमसूल, पितांबरी, सगळं आपलंच राज्य. चिंचेतलं आम्ल पितळेवरचा काळा थर विरघळवतं, मीठ घातलं तर आणखी लवकर. पण हे मीठ लोखंडाच्या जवळ आणू नये. मिठातलं क्लोराइड मुलाम्याच्या भोकात शिरलं की धुऊनही पुरतं जात नाही आणि आठवड्यात तिथे नवा गंज धरतो. मालवण-रत्नागिरीच्या सायकली पुण्याच्या आधी का म्हाताऱ्या होतात, याचं कारण हेच. घंटी मात्र उजळली. ओट्यापाशी उभं राहून मी ती घासत असताना बायको म्हणाली, "अहो, हात चांगला चालतोय. समई पण आहे देवघरात." यावर उत्तर नसतं.

नट, वॉशर, ब्रेकचे दांडे, असल्या बारीकसारीक गंजलेल्या वस्तूंना घासत बसू नये, भिजत घालावं. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे, आणि अधूनमधून बघत राहायचं. रात्रभर विसरलं तर ते गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं. ऑक्झॅलिक ॲसिड जास्त जोरकस, बोहरी आळीत मिळतं, रंगाला फारसा धक्का न लावता गंज काढतं. पण ते विषारी आहे, हातमोज्यांशिवाय आणि लहान मुलं असलेल्या घरात त्याच्या वाटेला जाऊ नये. मी लिंबूसत्त्वावर भागवतो. आणि संडास धुवायचं ॲसिड कोणीही सुचवलं तरी घेऊ नये. ते क्रोमच विरघळवतं, आणि त्याच्या वाफेने खोलीतले पाने-पकडीसुद्धा गंजतात. भिजवलेली कुठलीही वस्तू बाहेर काढली की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायची, लगेच कोरडी करायची आणि शिलाई मशीनचं तेल लावायचं. उघडं लोखंड फार अधीर असतं; पाणी पुसलं नाही तर तासाभरात केशरी होतं.

क्रँकवर मात्र मी अडलो. उजव्या क्रँकच्या बाहेरच्या अंगाला, पायडलच्या थोडं वर, हाताच्या अंगठ्याएवढी एक जागा आहे. तिथे क्रोम नाही, निकेल नाही, नुसतं पोलाद. दादांच्या बुटाची आतली कड तिथे रोज घासत असणार. दादा सायकल चालवत होते तोवर ती जागा कधी गंजली नाही, मला ती चकचकीतच आठवते. जिन्याखाली गेल्यावर मग सगळ्यात आधी तीच तांबडी झाली. पोलादाला पॉलिश करायची रीत ठरलेली आहे. चारशे नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून एका दिशेने, मग सहाशे आडव्या दिशेने, आधीचे चरे संपूर्ण मिटेपर्यंत; मग हजार, पंधराशे, दोन हजार, आणि शेवटी ब्रासो. घाई करून मधला नंबर गाळला तर आरशात चरे दिसतात. या पद्धतीत चकाकी येते ती धातू खरवडून. प्रत्येक कागद आधीच्या कागदाच्या टेकड्या कापतो आणि त्या टेकड्या पाण्याबरोबर मोरीत जातात. आजीच्या हातची पितळी वाटी कडेला पातळ का झाली, याचंही उत्तर मोरीतच आहे. म्हणून त्या अंगठ्याएवढ्या जागेवर मी चारशेचा कागद लावला नाही. दोन हजारने गंज उतरवला, तेल लावलं, आणि सोडून दिलं.

धातू न खरवडता तो चकचकीत करण्याची दुसरी रीत आहे, आणि ती पाहायला पुण्यात लांब जावं लागत नाही. कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे तांब्याच्या भांड्यावर मठार मारतात, म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने शेजारी शेजारी, ओळीने ठोके. प्रत्येक ठोक्याखाली तांबं दबतं, टणक होतं, आणि त्या इवल्या खळग्यात उजेड सापडतो. कुठेही कणभर तांबं कमी होत नाही. ते फक्त सरकतं.

सायकलीतही असं एक ठिकाण आहे आणि ते कोणी बघत नाही. हबच्या आत. ॲक्सलवर दोन्ही बाजूंनी एकेक कोन असतो, हबमध्ये त्याच्यासमोर वाटी, आणि दोघांच्या मधे ग्रीसमध्ये बसलेले छर्रे. पुढच्या चाकात तीन सोळांश इंची, मागच्यात पाव इंची. सगळ्या माणसाचं, वर डबल सीट असेल तर तिचंही, वजन त्या छर्‍यांच्या टोकांवर असतं. कोन बरोबर लावलेला असेल, फार घट्ट नाही आणि डुगडुगता नाही, तर छर्रे फिरता फिरता कोनावर एक गोल पट्टा दाबत जातात. खरवडत नाहीत, दाबतात. दादांच्या पुढच्या चाकाचा कोन डिझेलमधून काढून पुसला आणि उन्हात धरला. सुपारीपेक्षा लहान वस्तू. सगळी काळपट, आणि तिच्या उतारावर करंगळीच्या नखाच्या कडेएवढा रुंद एक पट्टा, अखंड, आरशासारखा. अण्णांनी शिकवलेली खूण करून पाहिली: बॉलपेनचं टोक त्या पट्ट्यावरून फिरवायचं, कुठे अडखळलं तर खड्डा आहे. कुठेच अडखळलं नाही. सदाशिव पेठ ते खडकी जाऊन-येऊन जेवढी वर्षं झाली तेवढी वर्षं ते पॉलिश चालू होतं आणि त्यासाठी कोणी फडकं हातात घेतलं नव्हतं.

डाव्या बाजूच्या कोनाची गत वेगळी. तिथे पाणी शिरलेलं, पट्ट्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. अण्णांना दाखवला तर त्यांनी नीट पाहिलाही नाही. "फेका." मी म्हटलं, बारीक कागदाने गुळगुळीत होणार नाही का? तर म्हणाले, "पॉलिश हँडलला करा. कोनाचं कातडं तेवढंच कडक असतं, आतून नरम. कातडं गेलं, कोन गेला." बरोबरच आहे. कोनाच्या पोलादाला फक्त वरच्या थरात टणकपणा दिलेला असतो. तो घासला की छर्रे आठवड्यात आतलं मऊ पोलाद चिरडतात. नवा कोन आणि नवे छर्रे घातले. छर्रे नेहमी सगळेच्या सगळे बदलावेत, एकदोन नवे आणि बाकी जुने असं करू नये, कारण भार मग मोठ्या छर्‍यांवरच येतो.

लोक विचारतात, एवढी खटपट करण्यापेक्षा सगळं काढून नवं क्रोम का मारून आणत नाही? आपल्याला मुलाम्याची ओळख कल्हईतून झालेली आहे: कल्हईवाला दारात येणार, भाता मारणार, नवसागराचा धूर होणार, कथील पुसणार, पातेलं पुन्हा पांढरं. उडाली की परत लावू. क्रोमचं तसं होत नाही. जुना मुलामा ॲसिडने काढावा लागतो, मग खालचे खड्डे जाईपर्यंत बफवर पोलाद घासतात, आणि त्या बफखाली चोचींच्या धारा, क्रँकवरची कोरलेली अक्षरं, सगळं गोल गोल होऊन येतं. ॲसिडमध्ये बुडवलेलं कडक पोलाद ठिसूळ होण्याची भीती वेगळी. शिवाय क्रोमिंगचं द्रावण ज्या क्रोमिक ॲसिडचं असतं ते कर्करोगाला कारण ठरलेलं रसायन आहे. कुठल्या शेडमध्ये कोणाच्या हातांनी ते होतं आणि पाणी कुठे सोडतात, हा विचार करून मग ठरवावं. माझं मत स्पष्ट आहे: चालणाऱ्या सायकलीला पुन्हा क्रोम करू नये. तारांच्या बाबतीत तर हात आखडताच घ्यावा. ज्या तारांचा रंग मंद राखाडी आहे त्यांच्यावर जस्त आहे, तो राखाडीपणाच त्यांना जगवतो. चमकवायला गेलात तर राखणदारालाच घालवाल. पुढे बत्तीस, मागे चाळीस तारा, नुसत्या फडक्याने पुसल्या तरी एक सकाळ जाते.

सायकल आता चालते. रिमांवर काळे ठिपके आहेत, मडगार्डला एक पोचा आहे, बगळे दिसतात. पावसाळ्यात मी ती बाहेर काढत नाही आणि गणपतीनंतर पुन्हा एकदा मेण-पॉलिशचा हात फिरवतो.

तुमच्या घरी अशी एखादी असेल, आणि दिवाळीच्या साफसफाईत तिचा निकाल लावायचं घाटत असेल, तर आधी एवढं करा. पुढचं चाक जमिनीवरून उचला. ब्रेकचं रबर रिमेला लागत नाही ना, ते पाहा. व्हॉल्व्ह बाजूला, घड्याळात तीन वाजतात तिथे आणा आणि चाक सोडून द्या, ढकलू नका. नुसत्या व्हॉल्व्हच्या वजनाने चाक खाली आलं, पुढे जाऊन मागे फिरलं आणि झुलत झुलत थांबलं, तर हब शाबूत आहे. मग वरून गंज कितीही दिसू दे, ती सायकल देऊ नका. चाक हललंच नाही, तर हबमध्ये थोडं तेल सोडा, कोन पाव फेरा ढिला करा आणि पुन्हा पाहा. तरीही नाही हललं, तर निदान घंटी काढून ठेवा. पितळी असेल.